‘आम्हाला मोकळं सोडा’ म्हणणारा पक्ष

आपल्या देशात राजकीय पक्षाची नोंदणी करायची तर निवडणूक आयोगाला आधी लेखी हमी द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ सांगतं, की पक्षाने आपल्या घटनेतच लिहून द्यायचं : आम्ही संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा ठेवू. हे कलम १९८९ साली लागू झालं. म्हणजे सरकारने लोकांच्या धंद्यापाण्यातून बाजूला व्हावं, एवढंच ज्या पक्षाचं म्हणणं आहे, त्यालाही समाजवादाची शपथ घेतल्याशिवाय पक्ष म्हणून उभं राहता येत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला तो हे कलम अस्तित्वात असतानाच. पुढे राज्यसभेत गेल्यावर २००५ मध्ये त्यांनी ही अट काढून टाकावी म्हणून खासगी विधेयक मांडलं. त्याआधी नव्वदच्या दशकात जुन्या स्वतंत्र पक्षाच्या उरल्यासुरल्या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. अट आजही कायम आहे.

हे सगळं मला नव्याने उकरून काढावं लागलं ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, माझ्याकडेच राहतो. अर्जेंटिनात हावियर मिलेई निवडून आल्यापासून त्याच्या मित्रमंडळात एकच विषय असतो. सरकार लहान करा, कर कमी करा, परवाने काढून टाका, माणसाला त्याचं त्याचं जगू द्या. एका रात्री जेवताना त्याने विचारलं, ‘आत्या, आपल्याकडे असा पक्ष का नाही गं? हे दोन्हीकडचे तर सारखेच आहेत. एक म्हणतो पंधराशे देतो, दुसरा म्हणतो तीन हजार देतो.’

मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांच्या सदऱ्याला त्याच विचाराचा बिल्ला होता.

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं? निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला, मोर्चे, रस्ता रोको, नानांचा म्हणजे माझ्या वडिलांचा तुरुंगवास हे सगळं नातवंडांच्या कानावर पडलंय ते ‘आजोबा आंदोलनात होते’ एवढ्या एका वाक्यापुरतं. त्या आंदोलनाचं म्हणणं काय होतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. शहरातल्या शिकलेल्या मुलांना आज जे विचार परदेशातून आल्यासारखे वाटतात, ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी चाकणच्या कांदाबाजारात मराठीत मांडून झाले होते, आणि ते ऐकायला नऊवारीतल्या बायका आणि धोतरातली माणसं उन्हात बसली होती. या विचाराचं वाढतं आकर्षण मला मनापासून आवडतं. पण त्याची आपल्या मातीतली वंशावळ ठाऊक असल्याशिवाय ते टिकेल, असं मला वाटत नाही.

वंशावळ चाकणच्याही मागे जाते. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. बांध मोडायचे, जमिनी एकत्र करायच्या, मिळून कसायचं. त्या ठरावाला उत्तर म्हणून त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्माला आला. ऐंशी ओलांडलेले राजाजी म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, मुंबईचे महापौर राहिलेले मिनू मसानी, आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुनशी. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द राजाजींनीच रूढ केला. पक्षाची मूलतत्त्वं एकवीस. त्यांच्या बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर सभासदाने आपल्याला पटेल ते मत ठेवावं, अशी मोकळीक खुद्द पक्षानेच दिलेली होती. व्हिपशिवाय ज्यांचं पान हलत नाही असे आजचे पक्ष पाहिले की या गोष्टीचं मोल कळतं. १९६२ ला लोकसभेत १८ जागा, १९६७ ला ४४. त्या लोकसभेत सगळ्यात मोठा विरोधी पक्ष हाच होता. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेले रुस्तम कूपर याच पक्षाचे. १९७१ ला ‘गरिबी हटाव’च्या लाटेत ८ जागा उरल्या, १९७२ च्या नाताळात राजाजी गेले आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

महाराष्ट्रात मात्र या पक्षाने कधी मूळ धरलं नाही. माझ्या मते कारण उघड आहे. भाषा पेडर रोडची आणि मतं संस्थानिकांची. जयपूरच्या गायत्रीदेवी विक्रमी मतांनी निवडून यायच्या, ओरिसात सिंगदेव राजे मुख्यमंत्री झाले. ज्याचा वाडा आणि तनखा वाचवायचा आहे तो स्वातंत्र्याची भाषा बोलायला लागला, की साध्या माणसाला त्यात आपलं काही दिसत नाही. ‘राजेरजवाड्यांचा आणि शेठजींचा पक्ष’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच.

शरद जोशींनी नेमकं हे उलटं करून दाखवलं. टपाल खात्यातला मोठा अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी, आणि १९७७ मध्ये ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसलेला माणूस. पिकाचा खर्च आणि विक्रीतून हाती आलेली पट्टी यांचा हिशेब त्यांनी स्वतः मांडून पाहिला. शेतकरी गरीब आहे तो आळशी, अडाणी किंवा व्यसनी म्हणून नव्हे; त्याच्या मालाचा भाव धोरण म्हणून पाडला जातो, हा त्या हिशेबाचा निष्कर्ष. भाव चढला की निर्यातबंदी, आयात, साठ्यावर मर्यादा. भाव पडला की कुणी नाही. १९७९ ला शेतकरी संघटना उभी राहिली आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या घरातल्या भिंतीवर गेरूने लिहिली गेली. सुरुवातीची मागणी ‘रास्त भाव द्या’ अशी होती, म्हणजे ती सरकारकडेच होती. पण वर्षं गेली तशी ती बदलत गेली : भाव तुम्ही देऊ नका, फक्त पाडू नका. आम्हाला मोकळं सोडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा उत्तरेत टिकैत आणि कर्नाटकात नंजुंडस्वामी हे शेतकरी नेते विरोधात उभे होते. खुल्या व्यापाराच्या बाजूने लाखो शेतकऱ्यांसमोर बोलणारे शरद जोशी जवळजवळ एकटे होते. नाना सांगायचे, गावात लोक त्यांना विचारायचे की तुमचा पुढारी अमेरिकेला विकला गेला काय. नाना त्यांना उलटं विचारायचे, माझा कांदा दुबईला गेला तर तुझं काय गेलं?

विदर्भाने हे आमच्याआधी आणि आमच्याहून जास्त सोसलं होतं. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासूनची. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारच्या केंद्रावरच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. स्वतः पिकवलेलं पांढरं सोनं रात्री लपूनछपून शेजारच्या राज्यात न्यायचं आणि पकडलं गेलं तर चोर ठरायचं. अशा माणसाला स्वातंत्र्य म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

भाच्याला मी दिवाळीच्या सुट्टीत बाजार समितीत नेलं. त्याला वाटत होतं बाजार म्हणजे दोन माणसं, एक वस्तू आणि एक भाव. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लागलेल्या, ट्रॉलीचं मागचं फाळकं उघडलेलं, मूठभर कांदे ओघळून खाली आलेले. व्यापाऱ्यांचा घोळका आला. एकाने कांदा उचलला, दाबला, पत्ती उडवून पाहिली, बोली लागली, आणि पुढे गेला. चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल मिनिटाच्या आत. तेवढ्याने संपत नाही. ट्रॉली खळ्यावर खाली करताना ‘खाली गोल्टी (बारीक कांदा) निघाली’ म्हणून वांधा काढायचा आणि ठरलेल्या भावातून शंभर-दोनशे तोडायचे. ट्रॉली अर्धी खाली झाली आहे, ट्रॅक्टर भाड्याचा आहे, अंधार पडतोय. शेतकरी मान हलवतो. भाचा माझ्याकडे बघत होता. ‘आत्या, इथे तर सरकार कुठेच नाही.’

त्याचं निरीक्षण बरोबर होतं आणि अर्धं होतं. तिथे बोली लावणारे मोजके का आहेत? परवाना मोजक्यांकडेच आहे म्हणून. नवा खरेदीदार सहजी आत येऊ शकत नाही म्हणून. आणि साठा करायला व्यापारी धजावत नाही, कारण भाव वर गेला की साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याने सरकारच्या हातात ठेवलाय. पण फक्त सरकार निघून गेलं म्हणून ट्रॉलीपाशी उभा असलेला माणूस मोकळा होत नाही, हेही तितकंच खरं. त्याला दुसरा गिऱ्हाईक हवा, साठवायला कांदाचाळ हवी, वांधा काढला तर दाद मागायला जागा हवी. मोकळ्या बाजाराची भाषा करणाऱ्यांनी या ट्रॉलीपाशी एक दिवस उभं राहावं, असं मला फार वाटतं. विचार सोडून द्यावा म्हणून मुळीच नाही. तो कुणासाठी आहे हे डोळ्यांनी पाहावं म्हणून.

२०२३ ची गोष्ट अजून सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. लाल कांदा नुकताच निघायला लागला होता. बंदीची बातमी आली आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडचा भाव निम्म्यावर आला. ना दुष्काळ, ना गारपीट, ना रोग, एक अधिसूचना. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती अटी आणि शुल्क ठेवून, निवडणूक तोंडावर असताना. दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या. उरलेलं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये गेलं. पण परदेशातलं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दाराला गेलं की शुल्क गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही. कुणाच्या ताटात कांदा स्वस्त राहावा म्हणून कुणाचं घर तोट्यात घालायचं, हे दिल्लीतल्या एका टेबलावर ठरतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार काँग्रेसनेही सोडला नाही, भाजपनेही नाही. तिसरा पर्याय हवा असं ज्यांना वाटतं, त्यांच्या वाटण्यामागे माझ्या ओळखीत तरी हे असलं काहीतरी असतंच.

मग तो पर्याय निवडून का येत नाही?

अमेरिकेत याच विचाराचा लिबर्टेरियन पक्ष १९७१ पासून आहे. सगळ्यात चांगली कामगिरी २०१६ ची : गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मतं, म्हणजे ३.३ टक्के. २०२४ ला तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला. एका मतदारसंघात एकच निवडून येतो, अशा पद्धतीत तिसऱ्याला दिलेलं मत वाया गेलं असं लोकांना वाटतं. तिथेही आणि इथेही. मिलेई निवडून आले ते काही तत्त्वज्ञान पटवून नव्हे. २०२३ मध्ये अर्जेंटिनात महागाई २११ टक्क्यांवर गेली होती, जुन्या दोन्ही बाजूंना लोक विटले होते. आपल्याकडे २०२४ च्या विधानसभेला राजू शेट्टी, बच्चू कडू, संभाजीराजे आणि स्वतंत्र भारत पक्षाचे वामनराव चटप असे सगळे मिळून ‘परिवर्तन महाशक्ती’ नावाची तिसरी आघाडी झाली. एक म्हणतो कर्जमाफी द्या, दुसरा म्हणतो हमीभावाचा कायदा करा, तिसरा म्हणतो सरकारने यातून अंग काढून घ्यावं. असं कडबोळं लोकांना पर्याय वाटेल तरी कसं? चटप २००४ मध्ये याच पक्षाच्या नावावर राजुऱ्यातून निवडून आले होते. या वेळी ते तिसरे राहिले, अचलपुरात बच्चू कडूही पडले. लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा पैसे येत असताना ‘आम्ही तुम्हाला काहीही देणार नाही, फक्त तुमच्या वाटेतून दूर होऊ’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराने काय हातात घेऊन दारात जायचं, हा प्रश्न मला छळतो. माझ्या आईलाही ते पैसे हवे असतात. तिने आयुष्यभर कांद्यातून जे गमावलं, त्याच्या तुलनेत ते किरकोळ आहेत, आणि हे तिला माझ्याहून चांगलं कळतं. तरीही जे हातात येतं ते येतं.

पण पद्धत आणि पैसा यांवर सगळं ढकलून मला मोकळं होता येत नाही. या विचाराच्या लोकांनी स्वातंत्र्य पुष्कळदा आपल्यापुरतं मागितलं आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली. बैल आणि वळूसुद्धा कापायला बंदी. भाकड जनावर, म्हातारा बैल विकून शेतकऱ्याला जे चार पैसे मिळायचे, त्यातून नवा बैल घेताना भर पडायची, ती एका फटक्यात गेली. शेतकरी संघटनेने या कायद्याला उघड विरोध केला, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण कर कमी करा, परवाने हटवा म्हणणारे माझ्या ओळखीचे कितीतरी शहरी लोक तेव्हा गप्प होते. माझ्या दुकानात सरकार नको, पण दुसऱ्याच्या ताटात आणि गोठ्यात चालेल, ही भूमिका मला कधीच पटली नाही. आपल्या घरात काय खावं, कुणाशी लग्न करावं, कुठल्या देवाला भजावं किंवा भजू नये, हे जर सरकारला ठरवू द्यायचं असेल, तर कांदा कुठे विकावा हे आम्हाला ठरवू द्या म्हणायला तोंड कुठे राहतं?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. माझी ऑफिसातली मैत्रीण बीडकडची आहे, आई-वडील ऊसतोडीला जायचे. तिला मी हे सगळं सांगते तेव्हा ती शांतपणे म्हणते, ‘तुमच्याकडे विकायला काहीतरी होतं. आमच्याकडे फक्त कोयता, आणि त्याचा भावही मुकादम ठरवायचा.’ बाबासाहेबांनी १९४७ मध्ये घटनासमितीसाठी लिहिलेल्या निवेदनात शेतजमीन सरकारच्या मालकीची असावी असं सुचवलं होतं, ते उगाच नव्हे. ज्याला गावातल्या विहिरीवर मोकळीक नाही, त्याला गावातल्या बाजारात कुठून मिळणार? राज्य हाच त्याचा आधार होता. शरद जोशींचं उत्तर असं असायचं, की शेतीत पैसा आला की मजुरीही वाढते. हे काही अंशी खरं ठरलेलं मी आमच्याच गावात पाहिलं आहे. पण मैत्रिणीच्या प्रश्नाला ते पुरं पडत नाही, आणि तिला पटेल असं उत्तर सापडेपर्यंत या पक्षाचा पाया अर्धाच राहील.

तरीही मी या विचाराच्या बाजूने का, हे विचारलं तर मी आईच्या नावाचा सातबारा दाखवते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. आमच्या गल्लीतून बायका ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीने बसून गेल्या. गावोगावहून भाकऱ्या गोळा होऊन येत होत्या. आई माहेर-सासर सोडून पहिल्यांदाच कुठे गेली ती तिथे. त्यानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला : नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. कायद्याची सक्ती नाही, अनुदान नाही. नाना तलाठ्याकडे गेले, तलाठ्याने दोनदा विचारलं की पाटील, घरात काही वाद आहे का. दीड एकर आईच्या नावे झाली. रकान्यात तिचं नाव, वडिलांचं नव्हे, नवऱ्यानंतरचंही नव्हे, तिचं स्वतःचं. पुढे तिने त्यातल्या वीस गुंठ्यांत द्राक्ष लावायला ठाम नकार दिला आणि कांदाच केला, त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. मालकी काय असते हे मी त्या अबोल्यात पाहिलं.

त्याच शरद जोशींनी ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे ते. दर निवडणुकीला चिठ्ठी टाकून मतदारसंघ फिरते ठेवले तर निवडून आलेल्या बाईला तिथे पाय रोवताच येणार नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण आईला त्या दिवशी राग आला होता, आणि मी तिच्या बाजूने होते. हजारो वर्षं दार बंद ठेवलेल्या खोलीत नुसतं ‘दार उघडं आहे’ म्हटल्याने कुणी येऊन बसत नाही. तरी सबंध सभागृहात एकट्याने हात वर करण्याची ताकद ज्या राजकारणातून येते, ते राजकारण मला हवं आहे. २०२० च्या कृषी कायद्यांच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत असलेल्या, शेतकरी संघटनेच्या अनिल घनवटांनी, कायदे मागे घेतल्यावर, दडून राहिलेला अहवाल स्वतः लोकांसमोर ठेवला; तीही त्याच घराण्यातली गोष्ट. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशकाला दाद न देणारं जनुक-बदललेलं कापसाचं बियाणं दिवसाढवळ्या, सांगून-सवरून पेरलं. पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगाची तरतूद माहीत असून पेरलं.

भाचा आता नानांच्या ट्रंकेतले ‘शेतकरी संघटक’चे जुने अंक वाचतोय. परवा म्हणाला, पुढच्या निवडणुकीत असा उमेदवार असेल तर आपण प्रचाराला जाऊ. मी म्हटलं, जाऊ. पण त्याला आधी दोन प्रश्न विचारायचे. निर्यातबंदीच्या विरोधात बोलशील तितक्याच मोठ्याने गोवंश हत्याबंदीच्या विरोधात बोलशील का? आणि ऊसतोडीच्या फडात उभं राहून, कोयत्याचा भाव कसा मोकळा होईल, ते सांगशील का? पहिल्याला भाचा लगेच हो म्हणाला. दुसऱ्यासाठी त्याने माझ्या मैत्रिणीचा फोन नंबर मागून घेतलाय.